काकांचे ४३२

छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टी कधी येतील याचा नेम नसतो: नळाला पाणी आणि ग्रुपवर विज्ञान. सिडकोतल्या एका काकांकडे दोन्ही एकाच रात्री आली. पाणी दीड वाजता आलं म्हणून काका जागे होते, आणि जागे होते म्हणून विज्ञानही त्यांनी ताबडतोब वाचून काढलं. संदेश असा होता: जगातलं सगळं संगीत ४४० हर्ट्झवर लावलेलं आहे. त्याने डोकं फिरतं, रक्तदाब चढतो, घरात कटकटी होतात. हे सगळं हिटलरच्या प्रचारमंत्र्याचं, गोबेल्सचं कारस्थान. निसर्गाचा खरा सूर ४३२. खाली पुरावे जोडलेले होते. चार अधिक तीन अधिक दोन बरोबर नऊ. कलियुगाची वर्षं ४,३२,०००. त्याखाली हात जोडलेल्या आकृत्यांची एक रांग.

काका बँकेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी ताळा जमला नाही तर अख्खी शाखा रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवणाऱ्या पिढीतले. आठ हर्ट्झचा फरक म्हणजे त्यांच्या लेखी सरळसरळ अफरातफर होती, आणि तीही इतकी वर्षं कुणा ऑडिटरच्या नजरेला न पडलेली.

“अगं, आपल्याकडची सगळी गाणी आठ हर्ट्झ जास्त आहेत,” त्यांनी काकूंना सांगितलं.

काकू पाइप टाकीत सोडून उभ्या होत्या. “मग आवाज कमी करून लावा,” त्या म्हणाल्या. “आणि आधी ती मोटार बंद करा.”

ज्यांच्याकडे अजून हा संदेश पोचलेला नाही त्यांच्यासाठी हिशेब थोडक्यात असा. पेटीवरची पांढरी सहा दाबली की हवा सेकंदाला ४४० वेळा थरथरावी, असं जगानं ठरवून घेतलं आहे. बाकीच्या पट्ट्या तिच्या हिशेबाने लागतात. ती ४३२वर आणली तर सगळं सप्तक १.८ टक्क्यांनी उतरतं. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात. हा फरक त्यातल्या ३२ सेंटचा. म्हणजे गाणं पुढच्या पट्टीवरही जात नाही आणि आहे तिथेही राहत नाही.

आता गोबेल्सचं. ४४० हा आकडा १८३४ साली श्टुटगार्टच्या सभेत योहान शाइब्लर नावाच्या गृहस्थाने सुचवला होता. गोबेल्स जन्मायला अजून ६३ वर्षं अवकाश होता. शाइब्लर गवई नव्हे, रेशमाचा कारखानदार. मधल्या काळात फ्रान्सने १८५९ साली कायदा करून ४३५ ठरवला. १८८४ साली इटलीत ऑपेराकार व्हेर्दीने ४३२च्या बाजूने कौल दिला. ऑपेरावाल्यांचं दुखणं साधं होतं: वाद्यवृंद झगमगाटासाठी सूर चढवत नेतात आणि ताण गायकाच्या गळ्यावर येतो. विश्वाच्या कंपनांचा त्यात काही संबंध नव्हता. मग १९३९ साली लंडनला परिषद भरली आणि ४४०वर शिक्का बसला. ब्रिटनमध्ये त्याआधी ४३९ चालत असे. तोच का ठेवला नाही? कारण ४३९ ही मूळ संख्या. बीबीसीला प्रमाण सूर प्रक्षेपित करायचा होता, तो सेकंदाला दहा लाख कंपनं करणाऱ्या स्फटिकापासून. दहा लाखांना हजाराने भागा, अकराने गुणा, पंचविसाने भागा: ४४० हजर. ४३९ला कशानेच भाग जात नाही. म्हणजे जगाचं डोकं फिरवण्याचं हे भयानक कारस्थान प्रत्यक्षात भागाकार सोपा जावा म्हणून झालेलं आहे.

हे नातवाने शोधून काढून आजोबांना वाचून दाखवलं. तो बारावीला होता, म्हणजे अभ्यास सोडून काहीही वाचायला तयार होता.

“आणि आजोबा, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती, ते. सेकंद माणसानं ठरवलाय. आपल्याकडे आधी घटका, पळं, विपळं होती ना?”

काकांनी कागद ओढला. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. विपळ म्हणजे ०.४ सेकंद. त्या मापाने ४३२चे झाले विपळाला १७२.८. आणि ४४०चे? बरोबर १७६. आपल्या पूर्वजांच्या घटिकापात्रात गोबेल्सचा आकडा पूर्णांकात येत होता आणि निसर्गाचा आकडा अपूर्णांकात. काकांनी तो कागद फाडून टाकला. बँकेत असं कधी केलं नव्हतं.

गाणी उतरवायची तर साधन हवं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, असं नातवाने सांगितलं.

“ट्रायल किती दिवसांची?”

“ट्रायल नाही. कायमचं फुकट.”

“मग त्यांचं भागतं कशावर?”

१९९९ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं, पुढच्या वर्षी जगासाठी मोकळं केलं, आणि तेव्हापासून ठिकठिकाणचे लोक आपल्या वेळात त्यात भर घालत आले आहेत, हे ऐकल्यावर काकांचा संशय आणखी वाढला. तारण नाही, जामीनदार नाही, प्रोसेसिंग फी नाही. अशी प्रकरणं त्यांनी हयातभर नामंजूर केली होती. पण फुकट या शब्दापुढे तत्त्व टिकलं नाही.

तसं काम सोपं आहे. गाणं उघडायचं, सगळं निवडायचं, ‘चेंज पिच’ घ्यायचं, पहिल्या चौकटीत ४४०, दुसरीत ४३२ लिहायचं. सॉफ्टवेअर स्वतःच उणे १.८१८ टक्के असा हिशेब मांडतं. काकांनी उत्साहात शेजारचं ‘चेंज स्पीड’ दाबलं. त्यात सूर उतरतो पण गाणंही रेंगाळतं. पाच मिनिटांचा अभंग पाच मिनिटं साडेपाच सेकंदांचा झाला.

“पाच मिनिटांच्या मुद्दलावर साडेपाच सेकंद व्याज,” काका खूश होऊन म्हणाले. “आणि तेही फुकटच्या खात्यावर!”

दुसरी गंमत पहिल्या चौकटीची. ‘चेंज पिच’ उघडलं की हे सॉफ्टवेअर शहाणपणाने गाण्याचा सुरुवातीचा सूर स्वतः ओळखायला जातं आणि तो आकडा तिथे लिहून ठेवतं. अभंग पेटीच्या काळी एकवर सुरू होत होता, म्हणून तिथे २७७ आले. काकांना वाटलं, यंत्राने लिहिलंय म्हणजे बरोबर असणार. छापील आकड्यावर खाडाखोड करायची नसते. त्यांनी फक्त दुसऱ्या चौकटीत ४३२ लिहिलं. २७७चे ४३२ म्हणजे ५६ टक्के वाढ. धीरगंभीर आवाजाचे साठीचे बुवा बालवाडीतल्या पोराच्या आवाजात वैराग्य सांगू लागले. खोलीत आलेल्या काकू पदर तोंडाला लावून परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झालं. आधी उतरवलेलं गाणं पुन्हा उतरवलं, ते ४२४वर गेलं, आणि कुठल्याच संदेशात ४२४चे फायदे दिलेले नव्हते. त्यात एमपीथ्री फाइल दर वेळी नव्याने दाबून भरली जाते आणि थोडा आवाज गाळून टाकते, त्यामुळे काकांच्या संग्रहातल्या झांजा हळूहळू पातेल्याच्या झाकणासारख्या वाजायला लागल्या.

मग नातवाने त्यांना ‘मॅक्रो’ शिकवलं. एकदा कृती ठरवून द्यायची आणि अख्खं फोल्डर तोंडी द्यायचं. यंत्र रांगेने सगळ्या फाइली उतरवून वेगळ्या ठेवतं. काकांनी रात्री फोल्डर लावलं आणि निजले. पहाटे पाहतात तो भक्तिगीतं, नाट्यगीतं, भावाच्या लग्नातली सनई, काकूंनी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेली उकडीच्या मोदकांची कृती आणि नातवाची फिजिक्सची लेक्चरं, सगळं ४३२वर आलेलं. फिजिक्सचे सर मुळात गंभीर, ते आणखी ३२ सेंटांनी गंभीर झाले होते. त्या लेक्चरांत नेमका ध्वनितरंगांचा धडा होता, हा योगायोग.

या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न कुणी विचारला नाही: ही गाणी मुळात ४४०वर होती कुठे? पियानो, गिटार, सिंथेसायझर असलेलं सिनेमाचं गाणं साधारण त्या मापात असतं. पण मैफलीचं काय? तिथे षड्ज गवयाचा. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार, कुणाचा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. सकाळी गळा जड असेल तर तंबोरा उतरवतात, सर्दी असेल तर आणखी उतरवतात, वय झालं की कायमचा उतरवतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या चार तारा किती हर्ट्झवर लावाव्यात हे कुणी ठरवून दिलेलं नाही. अशा गाण्याला ‘४४०वरून ४३२वर’ नेणं म्हणजे ज्याचं खातंच नाही त्याच्या खात्यातून पैसे काढणं.

गंमत म्हणजे सुराचा हिशेब मांडण्याचं वेड या मुलखाला जुनंच आहे. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला. तो देवगिरी होता तेव्हा, तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या पदरी शारंगदेव होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. ज्याच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथापुढे हिंदुस्तानी आणि कर्नाटकी दोन्हीकडचे लोक आजही मान तुकवतात, तो शारंगदेव. आणि दरबारात त्याचं पद काय? श्रीकरणाधिप. म्हणजे हिशेबखात्याचा साहेब. काकांना हे कळलं तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगली.

पण हिशेबखात्याच्या या साहेबाने सूर मोजताना आकडा दिलाच नाही. त्याने दोन वीणा घेतल्या, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार इतकी खाली लावा, की त्याखाली धड नाद निघू नये. दुसरी तिच्यापेक्षा किंचित चढी, इतकी किंचित की मधे तिसरा नाद मावू नये. असं करत बावीस श्रुती. सुरुवात कुठून? तुमच्या तारेला जमेल तिथून. ग्रंथाची सुरुवात करताना त्याने गर्भात पिंड कसा तयार होतो तिथपासून माहिती दिली आहे. पण हर्ट्झच्या जागी त्याने फक्त कान ठेवला.

सात शतकांनी हे काम पुन्हा एका अधिकाऱ्याच्याच टेबलावर आलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं आणि क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी बनवून घेण्याचा घाट घातला. गवयांनी ती फारशी मनावर घेतली नाही. पुढे आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीलाच दाराबाहेर उभं केलं. रेशमाचा कारखानदार, यादवांचा हिशेबनीस, डेप्युटी कलेक्टर, आयसीएस साहेब आणि आता सिडकोतले निवृत्त बँक अधिकारी. गवई गात राहतात आणि ही मंडळी मागून पावती फाडत येतात.

तसं पाहिलं तर ४३२चा लाभ महाराष्ट्राने पूर्वीच घेतलेला आहे, तोही सॉफ्टवेअरशिवाय. ७८ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला साडेशहात्तर फेऱ्यांवर आली की ४४०चा सूर आपोआप ४३२वर येतो. चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग सैल पडली की प्रत्येक घरात हे घडत असे, आणि निसर्गाशी एकरूप होण्याऐवजी लोक ओरडत, “अरे, चावी दे!” पुढे टेपरेकॉर्डर आले. सेल उतरले की प्रत्येक गायिका ४३२वरून जात जात शेवटी गायकाच्या आवाजात थांबायची. सेल काढून उन्हात ठेवणाऱ्या तमाम जनतेने निसर्गाविरुद्ध कट केला होता, असं आता म्हणावं लागेल.

आणि ऊन! फ्रान्सच्या कायद्यातला ४३५ हा १५ अंश सेल्सिअसला मोजलेला होता. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि फुंकून वाजवायची वाद्यं चढतात. इंग्रजांनी हाच फ्रेंच सूर आपल्या गरम सभागृहातल्या तापमानाला बसवला आणि त्यातून ४३९ निघाला. नातवाने पुढचा हिशेब केला. वादकाचा श्वास वगैरे बाजूला ठेवून नुसत्या पुस्तकी सूत्राने पाहिलं, तर मे महिन्यात ४२ अंशांना तो सूर ४५५वर पोचतो. ४३२ आणि ४४० यांच्यातला फरक भरून काढायला ११ अंश पुरतात. म्हणजे बासरीवाला पहाटे निसर्गाच्या बाजूला आणि टळटळीत दुपारी गोबेल्सच्या बाजूला.

“याचा अर्थ पंखा लावायचा,” काका म्हणाले. लाइट गेलेली होती.

खरा सोहळा पुढे झाला. कॉलनीतल्या भजनी मंडळात तंबोऱ्याला माणूस मिळत नाही, म्हणून मोबाइलवरचा तंबोरा स्पीकरला जोडतात. गुरुवारच्या भजनाआधी काकांनी कुणाला न सांगता तो ट्रॅक ४३२वर उतरवून ठेवला. पेटी मात्र होती तिथेच. काळी एकचा तंबोरा आता २७२वर आणि पेटीची काळी एक २७७वर. दोन नाद असे अगदी जवळ जवळ पण एक नव्हेत असे वाजले, की आवाज आपोआप लहानमोठा होऊ लागतो. फरक पाच हर्ट्झचा तर सेकंदाला पाच हेलकावे. वँव-वँव-वँव-वँव-वँव. तंबोरा लावणारा हाच हेलकावा ऐकून खुंटी पिळतो आणि तो संपेपर्यंत थांबत नाही.

मंडळात तंबोरा लावणारा कुणी नव्हता. पेटीवाल्यांनी दोनदा भाता तपासला, एकदा पेटी वळवून बसले. बुवांनी डोळे मिटले. गायचं कुठल्या सुरात हे न कळल्यामुळे मिटले असावेत. मागच्या रांगेतून आवाज आला, “काय व्हायब्रेशन यायलेत हो!”

“अंगावर काटा आला बघा,” दुसरे म्हणाले.

“माझं तर गुडघ्यात जाणवायलंय.”

काका उठले आणि त्यांनी ४३२चं रहस्य सभेपुढे ठेवलं. टाळ्या पडल्या. पेटीवाल्यांनी हरकत घेतली की पेटी जुळत नाही. त्यावर पेटीच ४३२वर आणावी असा ठराव बहुमताने झाला. खर्च वर्गणीतून.

दुरुस्तीवाले चाचा घरी आले. त्यांनी पेटी उघडली, सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. “साब, पेटी तो बराबर हय.”

“बराबर नाही, ती चारशे बत्तीसला करायची आहे,” काका म्हणाले.

चाचांनी झाकण लावलं. “चारसौ बत्तीस में कैसा होता साब? सत्तर के ऊपर रीडां हैं. एकेक निकालना, घिसना, लगाना. दो हजार होते.”

काकांना आकड्याचा अर्थ समजावून सांगायला अर्धा तास लागला. सगळं ऐकून चाचा म्हणाले, “मतलब सुर उतारना. वो तो दस साल रुको, आपेआप उतरते. उसका मैं कुछ नहीं लेता.” पण ठराव झालेला होता. रीड टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो; चाचांनी एकूणएक रीड मुळाशी घासलं, जुन्या कानाने आणि नातवाच्या मोबाइलवरच्या ट्यूनरने ताडून पाहिलं, दोन हजार मोजून घेतले.

पुढच्या गुरुवारी तंबोरा ४३२, पेटी ४३२. सूर एकमेकांत असा मिसळला की पेटी कुठली आणि तंबोरा कुठला ते कळेना. बुवा कित्येक महिन्यांत गायले नव्हते इतके सुरात गायले. भजन संपल्यावर मंडळी गप्प बसून राहिली.

“आज ते यायलं नाही बुवा,” अखेर एक जण म्हणाले.

“काय?”

“व्हायब्रेशन.”

“मलाही नाही जाणवलं. गुडघा तसाच आहे.”

सचिवांनी काकांकडे पाहिलं. खजिनदारांनी दोन हजारांच्या पावतीकडे पाहिलं. चर्चा झाली. कुणी म्हणालं चाचांनी रीड जास्त घासली, कुणी म्हणालं आज अष्टमी होती. पेटी पुन्हा घासायची तर पुन्हा दोन हजार, हे खजिनदारांनी उभं राहून सांगितलं. तेव्हा एकमताने ठरलं की पेटीला हात लावायचा नाही. तंबोऱ्याचा ट्रॅक मात्र पूर्वीसारखा करून आणावा. काकांनी त्याच रात्री ऑडॅसिटी उघडलं. जाताना १.८१८ टक्के कमी केले होते, तेव्हा येताना १.८१८ टक्के वाढवले की झालं. ४३२चे झाले ४३९.८५. १५ शतांश हर्ट्झचा ताळा जमेना. मुद्दल बदललं की टक्का बदलतो, परतीच्या वाटेला १.८५२ लागतात, हे नातवाने दाराआडून ओरडून सांगितलं; पण ज्यांनी हयातभर लोकांना व्याजदर समजावून सांगितला त्यांना बारावीचं पोर काय शिकवणार? ट्रॅक तसाच मंडळात गेला.

गुरुवारी हेलकावे परत आले. मागच्या रांगेत समाधान पसरलं. भजनानंतर अध्यक्ष काकांजवळ सरकून बसले आणि हळूच म्हणाले, “छान झालं. पण मागच्या वेळेपेक्षा एक पंधरा शतांश कमी वाटलं का हो?”

काका दचकले. अध्यक्ष गालात हसत होते. नातू त्यांच्याच चपलांजवळ उभा होता.